पहिला कॅमेरा, बजेट ४० हजार आणि मुंबईचा पाऊस: काय घ्यावं?

पागोळी

नमस्कार मंडळी,

आयुष्यातला पहिला कॅमेरा घ्यायचा आहे. बजेट ४०,००० रुपये. लेन्स, कार्ड, बॅग सगळं त्यातच बसवायचंय. राहते दादरला, ऑफिस फोर्टात.

काढायचं काय, ते आधी सांगते. गिरगावातल्या चाळी, खोताची वाडी, पावसातली रस्त्यावरची माणसं, दादरचा फुलबाजार अगदी पहाटेचा, गणपतीचे आगमन सोहळे. घरात दीड वर्षाची भाची आहे, ती एका जागी क्षणभर बसत नाही. व्हिडिओची हौस नाही. शिवडीला रोहित (फ्लेमिंगो) बघायला जाते तेव्हा मोह होतो, पण पक्षी हा सध्या मुख्य विषय नाही.

फोन चांगला आहे, पण दिव्यांच्या उजेडात त्यातले चेहरे मेणाचे केल्यासारखे गुळगुळीत येतात. फुलवालीच्या हातावरच्या रेषा मला हव्या असतात, फोन नेमक्या त्याच पुसून टाकतो. भाची हलली की तिचा हात पुसट.

एका दुकानात विचारलं तर त्यांनी लगेच 'दोन लेन्स, बॅग, ट्रायपॉड फ्री' असं पॅकेज पुढे केलं. मी काय काढणार हे एकदाही विचारलं नाही. म्हणून इथे आले. डीएसएलआर (आत आरसा असलेला) की मिररलेस (आरसा नसलेला)? नवा की वापरलेला? आणि बुरशीचं काय करायचं? मामाकडच्या जुन्या कॅमेऱ्याची लेन्स कपाटात राहून वाया गेलेली मी पाहिली आहे, त्याची धास्ती आहे.

सव्वासहाची_लोकल

कॅमेरा घेण्याआधी महिनाभर फोनच्या प्रो मोडमध्ये काढून बघा. शटर (उजेड किती वेळ घ्यायचा ते), आयएसओ (उजेडाला किती संवेदनशील ठेवायचं ते) हाताने लावायची सवय झाली की आपलं नेमकं कुठे अडतंय ते कळतं. उन्हात, मोकळ्यावर फोन आणि स्वस्त कॅमेरा यांत आजकाल फार फरक दिसत नाही. इन्स्टावर टाकायला तर अजिबात नाही.

बोरीबंदर

लोकल, तुमचं म्हणणं उन्हापुरतं पटलं. पण पागोळीताईंनी दिलेली यादी बघा: पहाटेचा फुलबाजार, पावसाळी संध्याकाळ, चाळीचा जिना, घरातलं पोर. सगळीकडे उजेड कमी आणि माणसं हलती. कॅमेऱ्याचा खरा उपयोग होतो तो इथेच.

मी फोर्टात कॅमेरे दुरुस्तीचं काम करतो, उभी हयात या गल्ल्यांत गेली. नवशिक्या गिऱ्हाइकाचे पैसे कुठे जातात आणि कुठे जायला हवे होते, हे रोज डोळ्यांसमोर असतं. सगळा जीव बॉडीवर, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर, आणि लेन्स फुकटात आलेली. माझं मत अगदी उलट आहे: बॉडी वापरलेली, साधी घ्या, आणि त्यावर एक मोठ्या छिद्राची लेन्स लावा. या बजेटमध्ये मुंबईत दुसरं काहीही मला पटत नाही.

कारण सांगतो. बॉडीसोबत येते ती १८-५५ची, म्हणजे १८ ते ५५ मिलिमीटर झूमची, किट लेन्स. ५५ला तिचं छिद्र जास्तीत जास्त एफ ५.६ एवढंच उघडतं (एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं). ३५ किंवा ५०ची एफ १.८ लेन्स त्यापेक्षा जवळजवळ दहापट उजेड आत घेते. म्हणजे फुलबाजारात किट लेन्सला एक विसांश सेकंद लागत असेल, तर तेवढ्याच आयएसओला १.८ची लेन्स साधारण एक दोनशांश सेकंदात तेच काम करते. एक विसांशाला माळ ओवणाऱ्या बाईची बोटं वाहून जातात. एक दोनशांशाला बोटं, सुई, दोरा सगळं जागच्या जागी दिसतं. हा फरक २०१४ची बॉडी आणि २०२३ची बॉडी यांच्यातल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे.

'माझ्या लेन्सला व्हीआर आहे, आयएस आहे, मग काय?' असं लोक विचारतात. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सावरतं. भाचीची धावपळ ते थांबवू शकत नाही, ती थांबवायला शटरच वेगवान लागतो.

मेगापिक्सेलच्या मागे लागू नका. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० गुणिले ४००० ठिपके. इंचाला ३०० ठिपके धरले तरी २० बाय १३ इंचांचा प्रिंट स्वच्छ निघतो. एवढा मोठा फोटो भिंतीवर लावायची वेळ वर्षातून कितीदा येते?

गच्चीवरून

बोरीबंदरकाका, लेन्सबद्दल शंभर टक्के अनुमोदन. बॉडीबद्दल थोडं वेगळं मत मांडतो.

कॅनन आणि निकॉन, दोघांचेही शेवटचे नवे डीएसएलआर २०२०चे. त्यानंतर दोघांची सगळी मेहनत मिररलेसवर चालली आहे. आज सुरुवात करणाऱ्याने जुन्या माउंटमध्ये (लेन्स बसवायच्या जुन्या पद्धतीत) पैसे का अडकवावेत? शिवाय मिररलेसमध्ये फोटो उजळ येणार की काळा, हे बटण दाबायच्या आधीच डोळ्यासमोर दिसतं. शिकणाऱ्याला याचा फार फायदा होतो. डोळा ओळखून फोकस धरणं तर लहान मुलांसाठी वरदान आहे. कॅननचा आर५० बघा, वजन ३७५ ग्रॅम. ऑफिसच्या पर्समध्ये रोज राहील. जो कॅमेरा घरी राहतो तो कितीही चांगला असला तरी काय उपयोग?

एक मात्र आवर्जून सांगतो. निकॉन झेड३० आणि सोनी झेडव्ही-ई१० यांना डोळा लावायची खिडकीच नाही, नुसता मागचा स्क्रीन. हे व्हिडिओवाल्यांसाठी बनवलेत. दुपारी गिरगाव चौपाटीवर त्या स्क्रीनवर धड काही दिसत नाही. फोटोसाठी व्ह्यूफाइंडर हवाच.

बोरीबंदर

आर५० चांगला आहे, वाद नाही. पण नवा घेतला तर त्यातच बजेट संपतं आणि हातात राहते १८-४५ची लेन्स, जिचं छिद्र लांबच्या टोकाला एफ ६.३. म्हणजे फुलबाजारात ताई पुन्हा होत्या तिथेच. आर१०० स्वस्त पडतो, पण त्याचा स्क्रीन हलत नाही आणि टचही नाही. फोनवरून येणाऱ्या माणसाला ते पदोपदी खटकेल.

जुन्या माउंटमध्ये पैसे अडकतात, हेही पूर्ण खरं नाही. कॅननची ईएफ लेन्स अॅडॉप्टर लावून आर या मिररलेस मालिकेवर ऑटोफोकससकट उत्तम चालते. निकॉनच्या एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स एफटीझेड अॅडॉप्टरने झेड या मिररलेस मालिकेवर चालतात. उद्या बॉडी बदला, लेन्स सोबत येईल.

बॅटरीचंही बघा. निकॉन डी३५००ची बॅटरी एका चार्जिंगमध्ये १५५० फोटोंची म्हणून ओळखली जाते. छोट्या मिररलेसचा आकडा साधारण तीन-चारशे. आगमनाच्या मिरवणुकीत हा फरक जाणवतो.

आगमन_लालबाग

जाणवतो म्हणजे काय! चिंचपोकळीच्या पुलाखाली गर्दीत अडकलं की बॅग उघडून बॅटरी बदलायलाही जागा नसते. ताई, मिरवणुकीत एकच लेन्स न्यायची आणि ती बदलायची नाही. गुलाल उडत असताना लेन्स काढली की तो थेट सेन्सरवर, म्हणजे आत फोटो टिपणाऱ्या चिपवर, बसतो. झूमही शक्यतो नको, झूम आत-बाहेर होताना धूळ ओढून घेते. गळ्यातला पट्टा अंगावर तिरका घ्या.

कांदळवन

रोहितांचा विषय निघाला म्हणून लिहिते. त्या 'दोन लेन्स' पॅकेजमधली दुसरी बहुतेक ५५-२५० किंवा ७०-३०० असते. लहान सेन्सरवर ३०० म्हणजे जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबात ४५० मिलिमीटर. ऐकायला भरपूर वाटतं, पण ओहोटीला शिवडीचे रोहित पार आत चिखलात असतात आणि फोटोत गुलाबी ठिपके येतात. लेन्सपेक्षा भरतीचं वेळापत्रक जास्त कामी येतं. पाणी चढायला लागलं की थवे किनाऱ्याकडे सरकतात, तेव्हा २५०नेही बरे फोटो मिळतात. दुसरा पर्याय ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रातून सुटणारी बोट. ठाणे खाडीचं हे अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा, मिळाला. तिथे पक्षी बोटीच्या बरेच जवळ दिसतात.

पण पक्षी हा तुमचा मुख्य विषय नाही, हे तुम्हीच लिहिलंय. मग पहिल्या वर्षी टेलिफोटोवर एक रुपयाही घालू नका. हिवाळ्यात वाटलंच तर शनिवार-रविवारपुरती लेन्स भाड्याने मिळते. डिपॉझिट आणि ओळखपत्र लागतं.

पागोळी

किती मनापासून लिहिताय सगळे, आभार! बोरीबंदरकाका, तुमचं पटतंय. पण वापरलेला कॅमेरा म्हटलं की पोटात गोळा येतो. फसवणूक होणार नाही हे कसं ओळखायचं? आणि ३५ की ५०?

बोरीबंदर

आधी ३५ की ५०. आपल्या बजेटातल्या कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असतो, त्यामुळे निकॉनवर ३५ची लेन्स साधारण ५२सारखी दिसते आणि कॅननवर ५०ची ८०सारखी. ८० चेहऱ्यांना सुंदर. पण चाळीच्या गॅलरीत मागे सरकायला जागाच नसते, पाठ कठड्याला टेकते. तुमच्या विषयांना ३५ जास्त सोयीची. निकॉनमध्ये डीएक्स ३५ एफ १.८जी आहे, तीच घ्या. कॅननच घ्यायचा ठरला तर ५० एफ १.८ एसटीएम स्वस्त आणि मस्त आहे, किंवा चाळींसाठी २४ एफ २.८ एसटीएम. ती किट लेन्सच्या ५.६ पेक्षा चौपट उजेड घेते आणि जाडीला इतकी कमी की बॉडीवर लावलेली समजतही नाही.

निकॉनमध्ये एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. ५० एफ १.८डी ही जुनी लेन्स बाजारात स्वस्तात दिसते, पण तुमच्या बॉडीवर तिला ऑटोफोकस मिळणार नाही. लेन्सवर 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' लिहिलेलं हवं, तशा लेन्सच्या आतच मोटर असते.

एकच लेन्स घेऊन काय होणार, अशी शंका मनात ठेवू नका. आपल्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या छायाचित्रकार होमाई व्यारावाला रोलीफ्लेक्सवर काम करायच्या. त्या कॅमेऱ्याची लेन्स बदलताच येत नाही. जवळचं हवं तर जवळ जायचं.

आता वापरलेला माल कसा बघायचा. सीएसएमटीला उतरलात की समोर फोर्टातला बोरा बाजार, कॅमेऱ्यांची बरीच दुकानं तिथेच आहेत. फोनचा टॉर्च आणि स्वतःचं मेमरी कार्ड न्या.

आधी लेन्स. बॉडीवरून काढायला सांगा. पुढून तिरका टॉर्च मारा आणि मागच्या काचेतून बघा. चार-दोन धुळीचे कण दिसतील, ते सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फाटे फुटलेले तंतू दिसले, किंवा काचेच्या कडेला पांढुरका धूसर डाग दिसला, तर ती बुरशी. लेन्स परत करा, किंमत कितीही खाली आणली तरी घेऊ नका. वरवरची बुरशी साफ होते, पण तिने कोटिंग खाल्लं असेल तर डाग कायमचा राहतो, आणि दुकानात उभ्याउभ्या तुम्हाला ते ओळखता येणार नाही.

मग सेन्सर. लेन्सचं छिद्र एफ १६ करा, पांढऱ्या कागदाचा किंवा मोकळ्या आभाळाचा फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून बघा. काळसर मऊ ठिपके म्हणजे धूळ, ती साफ होते. ओरखडा दिसला तर निघा.

निकॉनचा शटर किती वेळा पडलाय, हे फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेलं असतं. स्वतःच्या कार्डावर फोटो घ्या, काहीही बदल न करता फाइल तपासा. डी३५००चा शटर एक लाखापर्यंत चाचणी केलेला आहे. वीस-तीस हजारांच्या आत असेल तर निर्धास्त घ्या. बहुतेक कॅननमध्ये हा आकडा इतक्या सहज मिळत नाही, तिथे बॉडीच्या झिजेवरून अंदाज घ्यावा लागतो.

स्क्रूंच्या खाचा बघा. घासलेल्या असतील तर कॅमेरा आधी कोणीतरी उघडलाय. फ्लॅशच्या खाचेत आणि बॅटरीच्या कप्प्यात गंज किंवा हिरवट थर असेल तर पाणी शिरलंय, तो मुंबईच्या पावसातून वाचलेला कॅमेरा नाही. ग्रिपचं रबर सुटलेलं असेल तर ते नवं बसतं, त्यावर घासाघीस करायला हरकत नाही.

सीलबंद पण बिलाशिवाय 'बाहेरचा पीस' कोणी देऊ केला तर नको म्हणा. कंपनीची इथली वॉरंटी त्याला मिळत नाही. वापरलेल्या मालावरही दुकानाचं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या.

गच्चीवरून

काका, ही तपासणी वेगळ्या धाग्यात वर काढून ठेवायला हवी. वाचनखूण साठवली.

एक भर घालतो. किट लेन्ससकट घेणार असाल तर तिच्यावर व्हीआर किंवा आयएस लिहिलंय का, बघा. निकॉनची एएफ-पी १८-५५ व्हीआरसह आणि व्हीआरशिवाय, अशी दोन्ही मिळते आणि दिसायला सारखीच असते.

सव्वासहाची_लोकल

स्टेशनात जरा जपून. फोनकडे कोणी ढुंकून बघत नाही, पण मोठा कॅमेरा काढला की आरपीएफवाले विचारायला येतात. ट्रायपॉड तर नकोच. ससून डॉकलाही आधी विचारल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढू नका.

पागोळी

आणि बुरशी? जून ते सप्टेंबर आमच्या घरात पापड टिकत नाहीत, तिथे लेन्स कशी टिकवू?

बोरीबंदर

पावसाळ्यात माझ्याकडे येणारं अर्धं काम यातूनच येतं, म्हणून सविस्तर लिहितो.

बुरशीला दमट हवा, अंधार आणि न हलणारी वस्तू लागते. कापडी किंवा चामड्याची बॅग आणि बंद कपाट, यात तिन्ही मिळतात. बॅग फक्त बाहेर नेण्यापुरती. घरी आलात की कॅमेरा बॅगेतून बाहेर.

ड्राय कॅबिनेट मिळतं, पण एका बॉडीसाठी आणि एका लेन्ससाठी त्याची गरज नाही. रबरी कडेचा, घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा घ्या, धान्याला घेतो तसा. त्यात पाव-अर्धा किलो सिलिका जेल कापडी पिशवीत आणि एक छोटा आर्द्रता मीटर. मीटरचा काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. ६०च्या वर चढला की जेल बदला. पार कोरडंही करू नका, आतलं वंगण आणि रबर सुकतं.

जेल शक्यतो नारिंगी रंगाचं घ्या, ओल शोषली की हिरवं होतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, घरात लहान मूल आहे तर ते नको. ओलं झालेलं जेल मंद आचेवर तापवलं की पुन्हा कामाला येतं, पण त्यासाठी स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, वेगळं ठेवा. डब्यात तांदूळ घालू नका, त्याची पूड सगळीकडे शिरते. डांबराच्या गोळ्या तर मुळीच नकोत, त्यांची वाफ काचेवर बसते.

एसी ऑफिसातून थेट रस्त्यावरच्या दमट हवेत कॅमेरा उघडा काढला की काचेवर दव धरतं. आधी पिशवीत दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. पावसात भिजला तर ताबडतोब बंद करा, बॅटरी आणि कार्ड काढा, सुती कापडाने टिपा. हेअर ड्रायर मारू नका, गरम हवा पाणी आणखी आत ढकलते.

आणि कॅमेरा वापरत राहा, हे सगळ्यात महत्त्वाचं. आठवड्यातून एकदा जरी उजेडात बाहेर निघाला तरी लेन्स सुस्थितीत राहते. जपून ठेवलेलेच कॅमेरे माझ्या टेबलावर येतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पागोळी

मंडळी, घेतला! वापरलेला निकॉन डी५६०० आणि ३५ एफ १.८जी. डी३५०० आणि हा, दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. डी५६००चा फिरणारा टच स्क्रीन आणि ११च्या जागी ३९ फोकस बिंदू, म्हणून हा निवडला. काकांनी लिहिल्याप्रमाणे टॉर्च मारून बघितलं. आधी दाखवलेल्या एका लेन्सच्या कडेला खरोखर तंतू होते, ती तिथेच परत केली. डबा, जेल, मीटर, ६४ जीबीचं कार्ड धरून बजेटच्या आत बसलं. किट लेन्स घेतलीच नाही.

काल पहाटे फुलबाजारात गेले होते. एका मावशींना विचारून त्यांचा फोटो काढलाय: शेवंतीच्या पाटीमागे बसून वेणी गुंफतायत, वर पिवळा बल्ब. एफ १.८, एक एकशेसाठांश सेकंद, आयएसओ ३२००. बोटं स्थिर आली आहेत, नखात अडकलेली हिरवी पाकळीसुद्धा दिसते! पण चेहरा जरा मऊ आलाय, पुढची फुलं मात्र कडक. असं का?

आगमन_लालबाग

फोटो सुरेख आहे, उजेडाची जागा नेमकी पकडलीत. फोकस पाटीच्या पुढच्या कडेला बसलाय. कॅमेरा स्वतः बिंदू निवडत असेल तर तो बऱ्याचदा जवळची वस्तू धरतो. सिंगल पॉइंट लावा आणि तो बिंदू मावशींच्या डोळ्यावर न्या. १.८ला इतक्या जवळून डोळा धारदार आणि कान पुसट होईल इतकी पातळ खोली मिळते. एफ २.८ करून बघा, आयएसओ तेवढा वर गेला तरी चालेल.

बोरीबंदर

बरोबर. आणि भाचीसाठी स्क्रीनवर बघून काढू नका, या निकॉनचा फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये मंद आहे. डोळा खिडकीला लावा, फोकस मोड एएफ-सी (हलत्या माणसामागे सतत फोकस) करा, शटर एक दोनशे पन्नासांशच्या खाली जाऊ देऊ नका, आणि तिच्या उंचीला जमिनीवर बसा. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, ठेवा. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, बल्बचा पिवळेपणा त्यात नंतर हवा तेवढा कमी करता येतो. मावशींचा फोटो पण सगळा पांढरा करू नका, तो पिवळा उजेड तिथला आहे. आणि एक प्रिंट काढून त्यांना नेऊन द्या, पुढच्या वेळी बाजारात तुम्हाला कोणी अडवणार नाही.